आईचा कर्वेनगरचा फ्लॅट विकायचाय, स्वस्तात बरे फोटो कसे काढावेत?

कर्वेनगरची_लेक | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आईचा टू बीएचके विकायचा आहे. १९८७ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून ती दादाकडे वाकडला जाणार. घर खरंच चांगलं आहे. हॉलला पूर्वेची बाल्कनी, समोर कडुनिंब, स्वयंपाकघरात दिवसभर उजेड. पण जाहिरातीतले फोटो बघून मलाच वाटलं, हे घर कोण घेणार?

एजंट संध्याकाळी सातला आला, चार मिनिटांत पाच फोटो काढून गेला. एकात पंख्याचं पातं, एकात सोफ्याच्या कडेने आईचा पाय, बाथरूमच्या आरशात एजंट स्वतः. तीन आठवड्यांत दोन फोन आले, त्यातला एक ‘भाड्याने मिळेल का’ म्हणून.

एका फोटोग्राफरला विचारलं तर नऊ हजार म्हणाला. दादा म्हणतो, नऊ हजारांत मागच्या खोलीला रंग होतो. माझं बजेट दोन हजार आणि हातात चार वर्षं जुना मोबाइल. दिवाळीची साफसफाई ताजी आहे तेवढीच जमेची बाजू. कुणी स्वतः फोटो काढून घर विकलंय का?

पेठी_माणूस | शनिवार, रात्री ९:५२

आरशातला एजंट राहू द्या. घर बघायला निदान एक माणूस येऊन गेला याचा पुरावा आहे.

इस्त्रीची_घडी | शनिवार, रात्री १०:२५

ताई, कॅमेऱ्याचं इथले काका सांगतीलच, मी घराचं सांगते. आमचा सहकारनगरचा फ्लॅट आम्ही स्वतःच फोटो काढून विकला.

दिवाळीची साफसफाई वेगळी आणि फोटोसाठी आवरणं वेगळं. रोज बघून बघून आपल्याला ज्या गोष्टी दिसेनाशा होतात, फोटोत आधी त्याच दिसतात. फ्रिजवरची झूल आणि तिच्यावरचे औषधांचे डबे, दारामागच्या खुंटीवरचे कपडे, मिक्सरची लोंबणारी वायर, वाण्याने दिलेलं कॅलेंडर. म्हणून आधी एक कच्चा फोटो काढा, मग तो फोटो हातात घेऊन आवरा. खोलीकडे बघून आवरलंत तर अर्धं राहूनच जाईल.

एक अनुभव सांगते. आमच्या मोरीत दोन पिंपं असायची, जुनी सवय. ती फोटोत आली. पहिल्या पाच फोनपैकी चौघांचा पहिला प्रश्न, ‘पाणी किती वेळ येतं?’ पाण्याची काडीइतकीही अडचण नव्हती हो! पिंपं माळ्यावर टाकली, फोटो बदलला, प्रश्न बंद. घरातल्या वस्तू आपल्या पाठीमागे काय बोलतात ते कळत नाही.

बाथरूममधून बादली, मग, ब्रश, ओले टॉवेल सगळं बाहेर. कमोडचं झाकण खाली. फरशी कोरडी. गीझर मात्र दिसू द्या. ओट्यावर गॅसची शेगडी आणि फार तर पाण्याचा तांब्या. आणि पंखे पुसा, नुसते बंद करून भागत नाही.

अ‍ॅपर्चर_आजोबा | रविवार, सकाळी ६:१०

चार वर्षं जुना फोन पुष्कळ झाला. आधी लेन्स पुसा. चष्म्याचं कापड चालेल, पदर नको. खिडकीभोवती दुधाळ वलय येतं ना, ते बहुतेक वेळा बोटाचं तेल असतं, कॅमेऱ्याचा दोष नसतो.

आता उजेड. संध्याकाळी सातला काढलेला फोटो बाद. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि सध्या, नोव्हेंबरअखेरीस, भर दुपारी तो दक्षिणेकडे जेमतेम पन्नास अंशांवर येतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आता थेट पलंगापर्यंत पोचतं, मे महिन्यात त्याच खिडकीत उंबऱ्याएवढंही येत नाही. आपल्या घरात कुठल्या वेळी कुठे ऊन पडतं हे एक दिवस नुसतं बघा, कागदावर लिहा. फोटो त्यानंतर.

सूत्र सोपं आहे. ज्या बाजूला ऊन पडलंय त्या बाजूची खोली तेव्हा काढायची नाही. फरशीवर पांढरे पट्टे येतात, बाकीची खोली काळी पडते. तुमचा हॉल पूर्वेचा, तो अकरानंतर काढा. पश्चिमेची खोली सकाळी. दक्षिणेची असेल तर सकाळी लवकर, नाहीतर पातळ पांढरा पडदा ओढून. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, खिडकीबाहेरचा आणि आतला उजेड जवळजवळ येतो. पण या महिन्यात ढग कुठून आणणार.

फोन छातीच्या उंचीवर, सव्वाचार फुटांच्या आसपास, आणि सरळ. खाली किंवा वर कललात की भिंतीच्या कडा कोसळल्यासारख्या दिसतात, दाराची चौकट वर निमुळती होते. सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा सुरू करा आणि चौकटीची उभी कड त्या रेषेला लावा. स्वयंपाकघरात फोन थोडा वर घ्या, नाहीतर ओट्याची फक्त कड दिसते, ओटा दिसत नाही.

खिडकी फोटोत असेल तर स्क्रीनवर खिडकीजवळच्या भिंतीवर बोट दाबून धरा, उजेड तिथे अडकतो. मग बोट खाली सरकवून जरा अंधारं करा. काळं असलेलं नंतर उजळता येतं, पांढरं फटक झालेलं परत आणता येत नाही. फिल्मवर हेच उलटं होतं, असो.

निवांत_धायरीकर | रविवार, सकाळी ९:०५

आजोबांना साष्टांग. आता गरिबाचं शास्त्र.

ट्रायपॉड नसेल तर स्टूल, त्यावर पोळ्यांचा डबा, त्यावर पुस्तकं. जाड पुस्तकं चाललीच पाहिजेत, दिवाळी अंक घसरतात. तीन सेकंदांचा टायमर लावा, हात लावून फोटो काढू नका.

एक चूक आम्ही केलीय, तुम्ही करू नका. फोनमध्ये ती ०.५ एक्सवाली रुंद लेन्स असते. तिने दहा बाय दहाची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. आम्ही खूश. लोक खूश. धायरीपर्यंत धावत यायचे, दारात उभं राहून एक मिनिट गप्प व्हायचे, आणि ‘बरं, कळवतो’. अकरा जणांनी कळवलं नाही. फोटोत आमचा फ्रिज कडेला आला होता, तो कपाटाएवढा रुंद दिसत होता, तरी आमच्या लक्षात आलं नाही.

त्यापेक्षा १ एक्स, पाठ कोपऱ्याला टेकवून किंवा दाराबाहेर उभं राहून. अगदीच मावत नसेल तर चिमटीने ०.७ पर्यंत जा आणि कडेला फर्निचर येऊ देऊ नका.

अवांतर: बाल्कनीतून डोंगराचा फोटो ऑगस्टमधला होता, हिरवागार. बघायला लोक आले एप्रिलमध्ये. एका काकांनी विचारलं, ‘डोंगर बदलला का?’

घरशोध_चालू | रविवार, सकाळी ११:३०

आठ महिने फ्लॅट शोधतोय, बजेट तुमच्याच भागातलं. विकणाऱ्यांनो, माझं ऐका.

२०२२ च्या मार्चात वनाझ-गरवारे मेट्रो सुरू झाली तेव्हापासून तुमच्या भागातल्या दर दुसऱ्या जाहिरातीत मेट्रोच्या डब्याचा फोटो. डबा विकताय का? नऊ फोटोंतले सात बाग, गेट आणि जिमचे. उरलेल्या दोनात एक उशी.

तेच चार फोटो चार वेगळ्या फ्लॅटना. झोपलेले आजोबा (खरे, पांघरुणासकट). उभा फोटो, ज्यात फक्त छत आणि पंखा. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्याचा एकही फोटो नाही. ताई, जिना दाखवा. माझी आई बरोबर राहणार आहे. पायऱ्या किती, कठडा कसा, मधे टेकायला जागा आहे का, हे मला आधी कळलं तर मी तुमचा रविवार वाया घालवणार नाही आणि तुम्ही माझा.

इस्त्रीची_घडी | रविवार, दुपारी १२:०२

त्या झोपलेल्या आजोबांची लिंक द्या ना.

घरशोध_चालू | रविवार, दुपारी १२:०५

नाही देणार. आजोबांचा काय दोष.

कर्वेनगरची_लेक | रविवार, रात्री ८:४५

आज पहिला प्रयत्न केला. सगळ्यांचे आभार, विशेषतः पिंपांचे. आमच्याकडेही एक होतं.

अकराला सुरुवात केली. कच्चा फोटो काढला आणि रडूच आलं. हॉलमध्ये मधोमध जेवणाचं टेबल, त्याच्यामागे बाल्कनी दिसेचना. मी आणि शेजारच्या काकूंच्या मुलाने मिळून ते आतल्या खोलीत नेलं. परत फोटो काढला, तर दारातून थेट कडुनिंब! आई बाजूला उभी राहून फोनमध्ये बघत होती. म्हणाली, ‘अगं, एवढा मोठा आहे हा हॉल?’ सदतीस वर्षं ते टेबल तिथेच होतं. आता ती ते परत हॉलमध्ये आणू देत नाहीये. आम्ही आज आतल्या खोलीत जेवलो.

अडचणी दोन. एक, बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, झाड चौकोनाचौकोनांत दिसतं. दोन, हॉलमध्ये एक ट्यूब पांढरी आणि एक बल्ब पिवळा, फोटोत अर्धी भिंत निळी आणि अर्धी हळद लावल्यासारखी.

पायऱ्या मोजल्या. ५१. प्रत्येक वळणावर रुंद चौथरा आहे, तिथे आई टेकते. फोटो काढला.

अ‍ॅपर्चर_आजोबा | सोमवार, सकाळी ६:०२

जाळीचं सोपं आहे. लेन्स जाळीला अगदी चिकटवा, एका चौकोनाच्या मधोमध. मोबाइलची लेन्स एवढीशी असते, जाळी गायब होते. सरकत्या खिडकीला डासांची जाळी असेल तर ते शटर बाजूला सारा, त्यातून काढलेला फोटो कायम धुरकट येतो.

दिव्यांचं दुसरं. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० ची. दोघांना एका खोलीत बसवलंत तर कॅमेरा कुणाचं ऐकणार? दिवसा भरपूर उजेड असेल तर सगळे दिवे बंद करा. खोली अंधारी असेल तर सगळे एकाच रंगाचे लावा, नऊ वॅटचा एलईडी शंभरेक रुपयांत येतो.

निवांत_धायरीकर | सोमवार, सकाळी १०:४०

आजोबा, दिवे बंद मला पटत नाही. दिवे लावले की घर राहतं वाटतं. आमचे लावलेले फोटोच जास्त उघडले गेले.

अ‍ॅपर्चर_आजोबा | सोमवार, सकाळी १०:५५

तुमच्याकडे अकरा जणांनी कळवलं नाही ना?

कमिशनवाला | सोमवार, दुपारी २:१५

मी एजंट आहे, आधी त्या आरशातल्या बांधवाबद्दल माफी. आमच्यात असे आहेत. सांगतो ते धंद्यातलं.

माणूस फोनवर यादी सरकवतो तेव्हा तुमचा पहिला फोटो काडेपेटीएवढा दिसतो. त्यात एकच गोष्ट कळली पाहिजे. ताई, तुमच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे दारातून दिसणारा हॉल आणि मागचं झाड. दुसरा स्वयंपाकघराचा, कारण घरातल्या बाईच्या होकाराशिवाय इथे टोकन होत नाही, कुणी काही म्हणो. मग बेडरूम, बाथरूम, बाल्कनी, शेवटी जिना, पार्किंग, इमारत बाहेरून. बारा ते चौदा फोटो खूप झाले. एकाच बेडरूमचे सहा फोटो टाकलेत तर माणूस सहा बेडरूम समजत नाही, कंटाळतो.

फोटो आडवेच काढा. पोर्टलवर उभा फोटो कापला जातो, नाहीतर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात.

टाकण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून बघा. दारावरची नावाची पाटी, मुलांच्या शाळेच्या गणवेशातले फोटो, कपाटाला लटकणारी चावी, खालच्या गाडीचा नंबर, हे काही जगाला दाखवायचं नाही. आई एकटी राहत असेल तर दुप्पट सांभाळा. आणि व्हॉट्सअ‍ॅपचं एक: साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून लोक डॉक्युमेंट करून पाठवतात. तसा पाठवला तर मूळ फाइल जाते, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू असेल तर जागेचा पत्ताही तिच्याबरोबर जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते आधी बंद करा.

पेठी_माणूस | सोमवार, दुपारी २:४०

एजंट म्हणतोय पत्ता लपवा. कलियुग.

कर्वेनगरची_लेक | सोमवार, रात्री ९:२०

दोन प्रश्न अडलेत आणि दोन्हींवर घरात वाद आहे.

पहिला देवघर. ते हॉलच्या कोपऱ्यात आहे. दादा म्हणतो फोटोपुरतं झाका. आई म्हणते, देव झाकून घर विकायचं नाही मला.

दुसरा मागची बेडरूम. पश्चिमेच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात ओल आहे, हातभर. पावसाळ्यानंतर पोपडे आलेत. दादाने फोनवरच्या एका अ‍ॅपने तो डाग दोन सेकंदांत पुसून दाखवला. भिंत इतकी स्वच्छ की मी घाबरले. तो म्हणतो सगळे करतात.

इस्त्रीची_घडी | सोमवार, रात्री ९:४१

आईंना अनुमोदन. देवघर राहू दे, फक्त सुकलेली फुलं आणि उदबत्तीची राख काढा, समई घासा. पण फोटोचा कोन असा घ्या की देवघर कडेला येईल, मधोमध नको. घेणारा कुठल्याही घरचा असू शकतो, त्याला तिथे आपलं कपाट ठेवून बघता आलं पाहिजे.

घरशोध_चालू | सोमवार, रात्री १०:१०

डाग पुसू नका. हात जोडतो. एका जागी आम्ही असेच गेलो. फोटोत भिंत दुधासारखी, प्रत्यक्षात नकाशा. ओल आहे म्हणून नव्हे, लपवली म्हणून उठून आलो. बाबा गाडीत म्हणाले, ‘अजून काय काय पुसलं असेल?’ त्यानंतर नळ चालू आहे की नाही तेही बघितलं नाही आम्ही.

निवांत_धायरीकर | सोमवार, रात्री १०:३२

पण दाखवायची कशाला? न पुसता न दाखवणं हा मधला मार्ग आहे की. कोन फिरवा, कोपरा सोडा. आला की सांगा.

कमिशनवाला | सोमवार, रात्री १०:५०

दोन्ही चालतं, पुसणं चालत नाही. पण मी ताईंच्या जागी असतो तर दाखवला असता, शेवटचा फोटो म्हणून, आणि खाली एक ओळ लिहिली असती. का, तर तो डाग बघून जो फोन करतो तो भावात घासाघीस करायला आलेला असतो, आणि घासाघीस करणारा माणूस घेणारा माणूस असतो. नुसता बघायला आलेला भाव करत नाही.

पुसायचंच असेल तर स्नॅपसीड नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात हीलिंगने भिंतीवरचा जुना खिळा पुसा. खिळा उद्या खरंच काढता येतो. जे तुम्ही घर रिकामं करताना नेणार आहात तेवढंच पुसायचं, हा माझा नियम. त्याच अ‍ॅपात परस्पेक्टिव्ह आहे, आजोबांच्या त्या कोसळणाऱ्या भिंती सरळ होतात.

अ‍ॅपर्चर_आजोबा | मंगळवार, सकाळी ६:१५

ओल पश्चिमेच्या भिंतीला आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, जुन्या इमारतींच्या त्याच भिंती आधी पिचतात. ओल बाहेरून येतेय की वरच्या मजल्याच्या मोरीतून, हे आधी शोधा. उन्हाळ्यात सुकत असेल तर बाहेरून. बारा महिने असेल तर वरून.

आणि डागाचा फोटोही नीट काढा. जवळून एक, आणि पूर्ण भिंतीचा एक, म्हणजे तो केवढा आहे ते कळेल. शेजारी मोजपट्टी धरा. नुसता जवळून काढलेला डाग कायम भयंकर दिसतो.

मोजमाप_वेडा | मंगळवार, दुपारी १:००

धागा उशिरा वाचला. वाचनखूण साठवली. एवढ्या चर्चेत नकाशाचं कुणीच बोललं नाही!

फोटो कितीही चांगले असोत, खोल्या एकमेकींना कुठे जोडल्यात हे त्यातून कळत नाही. एक तास काढा, मोजपट्टी घ्या, चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट धरून हाताने नकाशा काढा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या, उत्तर दिशेचा बाण. मुख्य दार कुठल्या दिशेला हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, वास्तू मानो न मानो. मग त्या कागदाचा वरून सरळ फोटो काढा. झाला नकाशा, खर्च शून्य.

क्षेत्रफळ लिहिताना एक सांभाळा. तुमच्या १९८७ च्या करारात बहुधा बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकट मोजलेलं, असेल. आताचा गिऱ्हाईक कार्पेट विचारतो. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे बाल्कनीचा आकडा वेगळा लिहा. करारात चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा.

कर्वेनगरची_लेक | शनिवार, संध्याकाळी ६:३०

आज सगळं झालं. हिशोब आधी: पांढरे एलईडी चार, ३९० रुपये. मोबाइलचा छोटा स्टँड ३५० (डबा-पुस्तकांवरून फोन दोनदा पडला). कपाट आणि टेबल हलवायला दोघांना ६००. पांढरा पडदा आईच्या जुन्या साडीचा. वडापाव नि चहा १८०. एकूण १५२०. उरलेल्या ४८० वर दादाचा डोळा आहे.

मागची खोली सकाळी साडेआठला, स्वयंपाकघर दहाला, हॉल साडेअकराला. एकाच तासात सगळं काढायचा माझा हट्ट होता तो सोडला. १४ फोटो ठेवले, काढले होते दोनशेच्या वर. देवघर कडेला आहे आणि समई लावलेली आहे, आईने लावली, मी काही बोलले नाही. जिन्याच्या फोटोखाली लिहिलं, ‘५१ पायऱ्या, लिफ्ट नाही, प्रत्येक वळणावर टेकायला जागा.’ नकाशा आईने काढला. ती निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे हे सांगायचं राहिलं. तिने झाडसुद्धा काढलंय. मोजून कार्पेट ५६५ चौरस फूट भरलं, करारात बिल्टअप ६८० आहे. दोन्ही लिहिलं.

डागाचे दोन फोटो शेवटी टाकले, मोजपट्टीसकट. खाली लिहिलं, ‘पावसाळ्यात ओल येते, उन्हाळ्यात सुकते.’ दादा माझ्याशी बोलत नाहीये.

पेठी_माणूस | शनिवार, संध्याकाळी ६:४५

झाडाचं कार्पेट किती?

कर्वेनगरची_लेक | पुढचा मंगळवार, रात्री १०:००

मंडळी, दहा दिवसांचा अहवाल. नऊ फोन, चार जण येऊन गेले. ‘भाड्याने मिळेल का’ एकही नाही. लिफ्टबद्दल एकानेही विचारलं नाही, कारण ज्यांना लिफ्ट हवी होती त्यांनी फोनच केला नाही.

चौघांपैकी एक जोडपं वारज्याचं. ते आले तेच मिस्त्री बरोबर घेऊन! डागाचा फोटो त्याला आधीच दाखवला होता. मिस्त्री खिडकीतून वाकून बाहेरची भिंत बघत होता, आई चहा करत होती, दादा घाम पुसत होता. मिस्त्री म्हणाला, बाहेरच्या गिलाव्याला चीर आहे, वरच्या मोरीचा संबंध नाही. मग त्यांनी भाव सांगितला आणि त्यातून दुरुस्तीचे म्हणून चाळीस हजार वजा धरले. बाकी घर पसंत आहे. बाईंनी नकाशाची प्रत मागून नेली.

आता हे चाळीस हजार आम्ही सोडायचे का? दादा म्हणतो, बघ, पुसला असतास तर.

मोजमाप_वेडा | पुढचा मंगळवार, रात्री १०:२०

थांबा थांबा, एक पैसा सोडू नका. गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवायचे नियम, काढा. इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि त्यांतून येणारी पावसाची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. ओल वरच्या मोरीतून आली असती तर गोष्ट वेगळी होती. तुमच्या सोसायटीने हे उपविधी स्वीकारले आहेत का ते सचिवांकडे विचारा आणि लेखी अर्ज द्या. पोच घ्या.

कमिशनवाला | पुढचा मंगळवार, रात्री १०:३५

आणि त्या जोडप्याला अर्जाची प्रत द्या. भाव तोच ठेवा.

कर्वेनगरची_लेक | शुक्रवार, दुपारी ४:१०

सचिव काका आधी म्हणाले, ‘पुढच्या सभेत बघू.’ मग आईने त्यांना तिसऱ्या मजल्यावर चहाला बोलावलं. ते ५१ पायऱ्या चढून आले, भिंत बघितली, उपविधींची प्रत काढून वाचली आणि म्हणाले, अर्ज द्या, पण जागेचे फोटो जोडा, कमिटीला दाखवायला लागतात.

तेच दोन फोटो जोडले. प्रिंट दादाने काढून आणल्या. रंगीत, दोन प्रती.